पंगत, पालखी आणि मांगरातलं घर

रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख लपवून त्याचा सारांश असा:

ताईंच्या घरची हापूसची बाग आहे, शिवाय दोन बागा कराराने घेतलेल्या. राखणीला आणि फवारणीला गेली सहा वर्षं एकच नेपाळी जोडपं आहे. ते बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या एका खोलीच्या घरात, राहतं. मुलीच्या शाळेसाठी दोन वर्षांपासून आई आणि मुलगी पावसातही गावातच थांबतात, बाप तेवढा दसऱ्याला घरी जाऊन येतो. मुलगी वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला, ताईंच्या लेकीच्याच वर्गात. शाळेचा पट अकरा, त्यातली चार मुलं नेपाळी.

माघात ताईंच्या घरी सत्यनारायण झाला. बायकांच्या दुसऱ्या पंगतीत ताईंनी या बाईला आणि तिच्या मुलीला बसवलं. वाढप झाल्यावर भावकीतल्या दोघी ‘आज उपास आहे’ म्हणत उठून गेल्या. आठवड्याने वाडीची बैठक झाली. त्याच सुमारास कुणाच्या तरी बागेतली पंपाची केबल चोरीला गेली होती. तोही विषय निघाला आणि ‘बाहेरच्या कामगारांना वाडीच्या कार्यक्रमात घ्यायचं नाही’ असं ठरलं. आता शिमगा तोंडावर आला आहे. ग्रामदेवतेची पालखी घरी येईल त्या दिवशी त्या तिघांना बागेतच थांबायला सांग, असं सासूबाई म्हणतात. यजमानांचं म्हणणं, ‘गुरखा उद्या दुसऱ्याच्या बागेत जाईल, भावकी इथंच राहणार आहे.’ मुलगी मात्र रोज विचारते, ‘काकी, पालखी कधी येणार?’ ताईंचा प्रश्न: माझं चुकलं का? वाडीची माफी मागून विषय मिटवू, की पालखीच्या दिवशी त्यांना मुद्दाम घरात आणून बसवू?

ताई,

माफीचं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. मागू नका. पूजा तुमच्या घरची, पान तुमच्या घरचं, कुणाला बसवायचं ते तुम्ही ठरवलंत. भरल्या पानावरून उठणं हा आपल्याकडे अन्नाचा आणि यजमानाचा अपमान धरतात. त्या दोघी उठल्या तेव्हा अपमान झाला तो तुमचा. बैठकीत त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही आणि चर्चा झाली ती तुम्ही कुणाला बसवलंत याची. हे उलटं झालं एवढं मनाशी पक्कं ठेवा, म्हणजे बोलताना आवाज कापणार नाही.

आता दुसरा पर्याय, पालखीच्या दिवशी त्यांना मुद्दाम आणून बसवण्याचा. इथं मी तुम्हाला थोडी थांबवणार आहे. तुमचं पत्र चार पानी आहे. सासूबाई काय म्हणाल्या ते त्यात आहे. यजमान काय म्हणाले, बैठकीत कोण बोललं, कोण गप्प बसलं, मुलगी काय विचारते, सगळं आहे. त्या बाईचं मात्र एकही वाक्य नाही. तिच्यासमोरच्या दोघी उठून गेल्यावर ती पूर्ण जेवली का? घरी जाताना काही बोलली का? दुसऱ्या दिवशी विहिरीवर आली ती रोजच्या वेळेला आली की उशिरा, कुणी नसताना? तुम्ही तिच्यासाठी भांडायला निघालात आणि तिला काय हवं ते विचारायचं राहून गेलं. भांडणाचा धुरळा बसला की तुम्ही तुमच्या पडवीत असाल. पाणंदीतून एकटीने बागेकडे जायचंय ते तिला.

तेव्हा पहिलं काम हे. दुपारच्या वेळी, ती चुलीपाशी असेल तेव्हा मांगरात जा. अंगणात, सासूबाईंच्या देखत विचारू नका. आणि ‘पालखीला येशील ना?’ असंही विचारू नका, कारण तुम्ही मालकीण आहात, ती ‘येईन’च म्हणेल. त्यापेक्षा ‘त्या दिवशी पंगतीत जे झालं ते मला आवडलं नाही, तुला काय वाटलं?’ असं विचारून गप्प बसा. लगेच उत्तर येणार नाही. दोन-चार दिवस जाऊ द्या. कदाचित ती म्हणेल, ‘मला नको, पोरीला तेवढी पालखी बघू दे.’ कदाचित म्हणेल, ‘आम्ही आमचं देवळात जाऊन नारळ ठेवू.’ तसं म्हणाली तर तसंच करा, भले तुमचा हिरमोड होवो.

पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय की ती माणसं तुम्हाला घरातल्यासारखीच आहेत. तुमची माया खरी आहे याबद्दल मला शंका नाही. पण त्याच पानावर मांगराचं वर्णन करताना तुम्ही कौतुकाने लिहिलंय की एकाच फळीवर फवारणीचा पंप, औषधाच्या बाटल्या आणि पोरीचं तिसरीचं बालभारतीचं पुस्तक असं सगळं ओळीने मांडून ठेवलेलं असतं. ताई, तुमच्या लेकीचं पुस्तक तुम्ही तुडतुड्याच्या औषधाशेजारी ठेवाल? बाटलीवरचा रंगीत चौकोन बघा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. मोहोराच्या दिवसांत आपल्याकडे फवारणीवर फवारणी चालते आणि तो माणूस संध्याकाळी त्याच कपड्यांनी त्याच एका खोलीत जाऊन पोरीला जवळ घेतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते कापसाच्या शेतात झालं, पण अंगावर औषध उडायला कपाशीच लागते असं थोडंच आहे?

म्हणून पंगतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून आधी तुमच्या हातातलं काम करा, ज्याला ना वाडीची परवानगी लागते ना सासूबाईंची. औषधं मांगरातून काढून कुलपाच्या पेटीत, राहत्या जागेपासून लांब ठेवा. हातमोजे, तोंडाला चांगला मास्क, फवारणीचे वेगळे कपडे आणि ते धुवायला वेगळी बादली द्या. पावसाळ्यात पत्रा कुठे गळतो ते आत्ताच विचारून घ्या, जुलैत कोण जाऊन बघतंय तिथं? शाकारणी तुमच्या घराची होते तशी मांगराचीही झाली पाहिजे. रात्री बागेत फिरताना पायात बूट आणि हातात बॅटरी हवी, कारण फुरशाचा मुलूख आहे आपला. फुरसं चावलं तर मांत्रिक न शोधता 108 ला फोन करायचा आणि प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठायचं, हे त्या दोघांनाही माहीत हवं.

हिशोबाचंही तसंच. ‘आमच्यात हिशोब कसला, लागेल तसे घेतो तो’ असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. मला ते वाक्य मुळीच आवडलं नाही. उचल किती, महिन्याचा पगार किती, हंगाम संपल्यावर काय उरलं, हे एका वहीत दर महिन्याला लिहा आणि त्यावर दोघांची सही असू द्या. घरातलं माणूस म्हटलं की सुट्टी मागता येत नाही, पगारवाढ मागता येत नाही, आणि मालकाची चूक तर मुळीच दाखवता येत नाही. चोख व्यवहार असलेला परका माणूस अशा वेळी जास्त मोकळा असतो. घरी पैसे पाठवायला तो ओळखीच्या माणसाच्या खिशात नोटा देत असेल, तर रिझर्व्ह बँकेने 2008 पासून भारतातून नेपाळात पैसे पाठवण्याची खास सोय केलेली आहे. बँकेत त्याच्यासोबत एकदा जाऊन चौकशी करा.

आता भावकीतल्या त्या दोघींकडे येते. तुमचा समज असा दिसतो की त्या उठल्या त्या ‘नेपाळी’ म्हणून. असेलही. पण तुम्हीच पुढे लिहिलंय, ‘आमचं गाव एकोप्याचं आहे हो, मोहल्ल्यातली माणसं शिमग्याला येतात, आम्ही ईदेला शिरखुर्मा खायला जातो, असं कधी झालं नव्हतं.’ कोकणात कितीतरी गावांत असं आहे आणि ते जपण्यासारखं आहे. तरीही एक विचारते, रागावू नका. मोहल्ल्यातलं कुणी आजवर तुमच्या घरच्या पूजेच्या पंगतीत, बायकांच्या ओळीत, पान मांडून बसलंय का? बौद्धवाडीतलं? बागेत कामाला येणाऱ्या कातकरी बाईला तुम्ही कधी ओटीवर बसवून वाढलंय का? उत्तर मला कळवायचं नाही. मात्र ते ‘नाही’ असेल, तर हे सहा वर्षांपूर्वी आलेल्या एका कुटुंबामुळे उपटलेलं भांडण नव्हे. कोण कुणाच्या शेजारी जेवतं याच्या रेघा तुमच्या पडवीत आधीपासून होत्या. तुम्ही नकळत त्यातल्या एकीवर पाय दिलात इतकंच.

याच रत्नागिरीत 1931 साली भागोजीशेठ कीरांनी स्वतःचे पैसे घालून पतितपावन मंदिर बांधलं. सर्व जातींना आत प्रवेश, आणि त्या काळात शहरात सहभोजनंही झाली. सावरकरांचा त्यात पुढाकार होता. त्या सहभोजनांना गेलेल्यांच्या घरी परत आल्यावर काय रामायण घडलं असेल याची कल्पना तुम्ही आज जितकी करू शकाल तितकी आणखी कुणी करणार नाही. त्याच्या चार वर्षं आधी, 1927 मध्ये, महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं तेव्हा तर मारहाण झाली. पाणी, पान आणि देवळाची पायरी या तीन जागी कोकणात माणसं पूर्वीपासून अडवली गेली आहेत. तुमचा प्रश्न त्यातल्या दोन जागांचा आहे.

सासूबाईंबद्दल तुम्ही जरा तिखट लिहिलंय. पण पोरीला ताप आला तेव्हा रात्री काढा करून घेऊन मांगरात गेल्या त्या सासूबाईच, हेही तुमच्याच पत्रात आहे. ज्या बाईला आजारी पोरीच्या कपाळाला हात लावायला काही वाटत नाही, तिला तीच पोर पालखीच्या दिवशी अंगणात नको असते, यात विटाळापेक्षा चार माणसांचं भय जास्त असणार. घराचा मान, ओटीचं ताट, कोण काय बोलेल, पुढच्या वर्षी पालखी थांबेल का, हे सगळं त्यांनी उभा जन्म सांभाळलंय. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना सत्यनारायणाचा पाचवा अध्याय आठवून द्या. तुंगध्वज राजा शिकारीहून येताना वडाखाली गवळी पूजा करत असतात, ते त्याच्यापुढे प्रसाद ठेवतात, आणि हा गर्वाने न घेताच निघून जातो. मग राज्य, संपत्ती, शंभर मुलगे, सगळं जातं. शेवटी त्याच गवळ्यांत येऊन बसतो, पूजा करतो, प्रसाद घेतो, तेव्हा कुठे गाडी रुळावर येते. माघात तुमच्या ओटीवर भटजींनी हीच कथा वाचली, सगळ्यांनी हात जोडून ऐकली, आणि तासाभरात दोघी पानावरून उठल्या! मी स्वतः पोथीतल्या शिक्षांना भिणारी बाई नाही. पण सासूबाई पोथी मानतात, आणि त्या मानतात त्याच पोथीत तुमची बाजू लिहिलेली आहे. ‘आई, प्रसादाला आलेल्याला परत कसं पाठवायचं, तुम्हीच सांगा’ एवढंच विचारून बघा. उत्तर त्यांना सुचू द्या.

यजमानांचं वाक्य मात्र मी सहज उडवून लावणार नाही. भावकी इथंच राहणार हे खरं आहे. मयताला खांदा द्यायला, पावसात रस्त्यावर आडवं झाड पडलं की कोयता घेऊन यायला वाडीच लागते. पण त्यांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग तपासायला हवा. हा माणूस सहा हंगाम त्याच बागेत आहे. कुठल्या कलमाला मोहोर आधी येतो, वानरांची टोळी कुठल्या अंगाने उतरते, कोणत्या फांदीवर पाय ठेवायचा नाही, हे त्याला आता तुमच्या यजमानांइतकं ठाऊक असेल. तो ‘उद्या दुसऱ्याच्या बागेत जाईल’ असं म्हणायचं आणि तो जाईल अशीच वागणूक द्यायची, मग तो खरंच गेला की मार्चमध्ये धावाधाव करायची, हा शहाणा व्यवहार म्हणता येईल का? पेटीच्या भावाचा घोर लागलेल्या माणसाला ही भाषा लवकर कळते. मला ती फारशी उदात्त वाटत नाही, पण नवऱ्याशी बोलताना उदात्त असायलाच हवं असं कुठं आहे.

त्यांच्या मनात आणखी एक भीती असावी, ती तुम्ही नुसती सुचवून सोडली आहे. गावकीने वाळीत टाकलं तर? कोकणात, विशेषतः रायगडात आणि आपल्याकडेही, असे प्रकार झालेले आहेत, म्हणून या भीतीला मी हसणार नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 चा स्वतंत्र कायदा केला आणि तो 2017 पासून लागू आहे. आपल्याच समाजातल्या घरावर बहिष्कार टाकला, दंड बसवला, कार्याला जायचं नाही असं फर्मान काढलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं. बैठकीत हे काढू नका. आत्तापर्यंत कुणी तुमच्या घरावर काही लादलेलं नाही, आणि कायद्याचं नाव निघालं की समजुतीने बोलणारी दोन-तीन माणसंही गप्प होतात. पाणी, कार्य, देवाची ओटी यांपैकी काही खरोखर अडवलं, तर मात्र तारीख-वार लिहून ठेवा आणि पोलिस ठाण्यात जा.

बैठकीत बोलणार ते यजमान, कारण तिथं बायकांना कोण बोलावतंय. त्यांना एवढंच सांगा की चोरी आणि पालखी हे दोन विषय वेगळे काढा. केबल चोरीला गेली असेल तर ज्याची गेली त्याने तक्रार द्यावी. मांगरात राहणाऱ्याकडे बोट दाखवणं सोपं असतं, कारण तो बैठकीत नसतो. वाडीला बाहेरच्या माणसांची धास्ती वाटत असेल, तर आपल्या कामगारांची पोलिस ठाण्यात रीतसर नोंद करू असं तुम्हीच पुढे होऊन म्हणा. फोटो, नेपाळी नागरिकता प्रमाणपत्राची प्रत, गावचा पत्ता. पण ती सगळ्या बागांतल्या, सगळ्या होड्यांवरच्या, सगळ्या चिरेखाणींवरच्या माणसांची व्हावी, मग तो नेपाळचा असो, कर्नाटकातला असो की बिहारचा. आणि नोंद झाली की मूळ कागद त्याचा त्याला परत. काही बागायतदार ते कपाटात ठेवून घेतात, तुम्ही तसं करत असाल तर आजच द्या. ‘हे लोक इथं राहतातच कसे’ असं कुणी विचारलं, तर 1950 च्या भारत-नेपाळ करारानुसार त्यांना इथं राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही, एवढं एक वाक्य पुरे.

सगळ्यात वजनदार मुद्दा शाळेचा आहे आणि तुम्ही तो पत्राच्या शेवटी ताजा कलम म्हणून टाकलाय! पट अकरा. चार गेली की सात. वीसच्या आतल्या शाळा मिटवून मुलं दुसरीकडे हलवण्याची टांगती तलवार किती वर्षं डोक्यावर आहे ते प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. वाडीतली शाळा बंद झाली तर तुमच्या भावकीतल्या पहिलीच्या पोराला पावसात घाटी चढून कुठे जावं लागेल, हे बैठकीत नुसतं विचारलं तरी पुरे. ही चार मुलं त्या शाळेत येतात म्हणून शाळा आहे. शाळेच्या संमेलनात ती नाचतात, स्वातंत्र्यदिनाला प्रभातफेरीत झेंडा धरतात, तेव्हा कुणी उपास सांगून उठत नाही.

इतिहासाचे दाखले मात्र बैठकीत नेऊ नका. मला ते फार सुचतात. ब्रह्मदेशाचा थिबा राजा इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवला, 1916 मध्ये तो इथंच गेला. त्याची नात टूटू रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलत इथल्याच माणसाशी संसार केला, गरिबीत दिवस काढले. राजवाडा बघायला आज गाड्या भरून माणसं जातात, नातीचं नाव किती जणांना सांगता येईल कुणास ठाऊक. उत्तरेला अलिबागकडे शनवार तेली होते, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपले बेने इस्राएल ज्यू, घरात मराठीच बोलणारे. आणि चाकरमान्यांबद्दल काय बोलावं! गिरणगावात गावाच्या खोल्या होत्या, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे वीस-वीस गडी, भिंतीला लावलेल्या पत्र्याच्या ट्रंका. हे सगळं बैठकीत सांगितलं तर कुणीतरी लगेच म्हणेल, ‘आम्ही मुंबईत गेलो ते आमच्याच राज्यात.’ मग ते उत्तर धरून अर्धा तास जाईल आणि पालखीचा विषय राहील बाजूला. हे दाखले रात्री जेवताना लेकीला सांगा, तिला उपयोगी पडतील. पंगतीत तीही बसली होती ना? तिने काय पाहिलं ते तिला एकदा विचारा. मुलं असल्या गोष्टी आपापसांत बोलतात, आणि आपल्याला वाटतं त्यांना कळलं नाही.

आता पालखीचा दिवस. पालखी कुणी उचलायची, कुणाच्या खांद्यावर नाचायची, गाऱ्हाणं कोण घालणार, हे मानकऱ्यांचं आणि गुरवाचं ठरलेलं असतं. त्यात तुम्ही काही बदल मागत नाही आहात, हे यजमानांनी बोलताना आधीच स्पष्ट करावं, म्हणजे निम्मा विरोध तिथंच गळून पडेल. ठराव आहे तो वाडीच्या कार्यक्रमाचा. तुमचं अंगण तुमचं आहे. पालखी अंगणात नाचते तेव्हा कोण उभं आहे याची मोजदाद आजवर कुणी केलेली नाही. रस्त्याने जाणारा रिक्षावालाही थांबून हात जोडतो. त्या बाईची तयारी असेल तर मुलगी तुमच्या लेकीजवळ, शाळेतल्या पोरांच्या घोळक्यात उभी राहू दे. आईबापांना यायचं असेल तर बाकीचे गडी-माणसं उभी राहतात तिथं त्यांनीही उभं राहावं. ना वेगळं बसवायचं, ना मुद्दाम पुढे आणायचं. नारळ-गूळ सगळ्यांना वाटाल त्याच हाताने त्यांना द्या. यापेक्षा जास्त यंदा नको. कुणाला हे मिळमिळीत वाटेल. पण तुम्ही पुढारी नाही, तुम्हाला त्याच विहिरीवर आणि त्याच दळपाच्या गिरणीवर जायचंय.

यजमान ‘नाही’च म्हणाले तर? तर भांडून त्या दिवशी घरात तमाशा करू नका, पण त्या तिघांना बागेत थांबायला सांगायचं काम तुम्ही करू नका. ज्यांना तसं वाटतं त्यांनी जाऊन, त्या पोरीच्या तोंडाकडे बघून, ते सांगावं. मला वाटतं सासूबाई जाणार नाहीत आणि यजमानही जाणार नाहीत. बोलणी फाकपंचमीच्या, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीच्या, आत उरका. एकदा शिमगा सुरू झाला की कुणी शुद्धीवर नसतं, कुणी फुरसतीत नसतं, आणि चाकरमानी आले की प्रत्येक गोष्टीला पाच मतं फुटतात.

तुमच्यासारखंच पत्र आणखी कुणाच्या मनात असेल, बागवाल्यांच्या किंवा बंदरावर होड्या असलेल्यांच्या घरात, म्हणून शाळेचं एक सांगून ठेवते. सहा ते चौदा वयाच्या मुलाला कागद नाहीत म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. मूल हंगामात येऊन मध्येच जाणार असेल तरी नाव घालावं. जाताना गुरुजींकडून किती दिवस हजर होतं, काय काय शिकलं, असं लिहून घ्यावं, परत आल्यावर उपयोगी पडतं. होडीवरच्या खलाशांची मुलं बंदराजवळच्या खोल्यांत दिवसभर नुसती बसून असतात, तिथं तर कुणी जाऊन विचारतही नाही.

राहिल्या त्या दोघी. त्यांना टाळू नका. तुमच्या पत्रावरून दिसतं की माघापासून तुम्ही त्यांच्या घरासमोरून जाताना पदर सावरून पुढे बघता. त्यातली एक तर तुमच्या बाळंतपणात सव्वा महिना रोज येत होती म्हणता. एखाद्या दुपारी फणसाची भाजी घेऊन तिच्याकडे जा, उंबऱ्यावर बसा, तिच्या गुडघ्याची चौकशी करा. पंगतीचा विषय तुम्ही काढू नका. तिने काढला तर ‘तू उठलीस ते मला फार लागलं’ एवढं म्हणा, त्या बाईचं समर्थन करत बसू नका. दुसरीकडे लगेच जायची घाई नको, पहिली तिला सांगेलच.